प्रॉबेबली म्हंजे

सोलापूरच्या स्टँडवर अक्कलकोटच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते.

“भीमा, आईला बघून डॉक्टर नेमकं काय म्हनले होते रे?”

“म्हनले, प्रॉबेबली उद्या घरी सोडू.”

“म्हंजे?”

“म्हंजे बहुतेक सोडू.”

“आन् फोनवर मला तू नक्की सोडणार म्हनलास की! म्हनून मी दवाखान्यात आलेच न्हाय. घर झाडून घेतलं, तिच्यासाठी खिरीची हुग्गी करायला गहू भिजत घातले. आन् पहाटे तुझा फोन, आई गेली म्हनून.”

“व्हय, अक्का.”

“बहुतेक म्हनला असतास, तर तशीच गाडी धरून आले असते. जित्तेपणी तोंड तरी बघितलं असतं तिचं.”

“तिनं बी इचारलं होतं, प्रॉबेबली म्हंजे काय. मी म्हनलं, नक्की. लई खूश झाली. घरी जायचंय म्हनून शेजारच्या खाटेवरच्या बाईकडनं वेणी घालून घेतली.”

“तिला म्हनलास ते बरं केलंस. पण मला तरी खरं सांगायचं की.”

“तुला फोन लावला तवा ती बाजूलाच बसून ऐकत होती, अक्का.”