कोकराचा उरलेला सिनेमा

गंगाखेडच्या दोन पडद्यांच्या टॉकीजबाहेर विरेश भुताच्या सिनेमासाठी रांगेत उभा होता. त्याच्या पुढं मेंढरं राखणारी नर्मदाबाई आणि तिची नात चंदा.

"आज्जे, कार्टून कशाला? भुताचा नवा आलाय, लय भेव वाटतंय म्हणं."

"मागल्या बाजारी पाहिला की एक भुताचा. सारे वरडायले, अन् मला हसू आवरंना. भेव वाटलं ते त्याच्या मागून पाहिलेल्या ह्या कार्टूनचं."

"त्यात तर निस्तं कोकरू हाय!"

"तेच तर. कोकरू आईपासून चुकलं, लांडगा मागं लागला, अन् तू म्हणलीस, ऊठ, एस्टी जायलीय."

"शेवटी सापडती त्याला आई. पोरींनी सांगितलं की!"

"सांगून भागतंय व्हय? दिवस मावळता एकेक कोकरू त्याच्या आईखाली सोडल्याबिगर मी कधी भाकरीला हात लावलाय? आठ दिस झाले, घास गोड लागंना."

त्यांचा नंबर आला. खिडकीतला माणूस म्हणाला, "आज्जी, कार्टून निम्मं होऊन गेलंय. भुताचं देऊ?"

"न्हाई. तेवढं निम्मं माझं पाहून झालंय. दोन दे, बिगी."