कल्याणरावांचा गुडघा

आष्टीच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या द्वारकाबाईचं डोकं आधीच ठणकत होतं, त्यात समोरच्या बाकावर गुडघ्याला फडकं बांधून बसलेल्या कल्याणरावांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. शेजारी गयासोद्दीनभाई सापडले होते.

"आमचा लेक बिश्केकला डॉक्टरकी शिकून राह्यला. किरगिझस्तानची राजधानी हाय ती! इथल्यासारखं खेडं न्हाई."

"माशाल्ला. खाण्यापिण्याचे हाल होत असतील?"

"बिलकुल न्हाई. रूमवर सगळी आपल्याच भागातली पोरं. आचारीबी परतूरचा, रोज पिठलं-भाकरी."

"तिथली बोली शिकला का मंग?"

"गरजच काय? चार वर्षं झाली, काही अडलं न्हाई. शिकवितेत इंग्रजीत."

"आन् पेशंटला कुठं दुखतंय, ते कसं विचारतो?"

"खुणा करून भागतं की! इथल्या डॉक्टरला तरी काय कळतं? सुई टोचली, गोळ्या दिल्या, खल्लास!"

"मंग गुडघा लेकालाच दाखवायचा व्हता."

"दाखवला की, व्हिडिओवर. बराबर निरखून पाह्यला त्यानं."

"काय म्हणला?"

"म्हणला, बाबा, तिथल्या एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा."

तेवढ्यात द्वारकाबाईच्या नावाचा पुकारा झाला. ती जागची हलली नाही.

"आधी ह्या पाव्हण्याला आत घ्या," ती कंपाउंडरला म्हणाली. "घरात डॉक्टर असून लई हाल चाललेत बिचाऱ्याचे."