मालकिणीशी काय बोलायचं

बसस्टॉपवर माझ्या शेजारी एक बाप आणि त्याची सोळा-सतरा वर्षांची मुलगी बसली होती.

“केक पाडला मालकिणीच्या भाचीनं आणि बोलणी खाल्ली मी. तीही गिऱ्हाइकांसमोर.”

“मी येऊन बोलू का त्यांच्याशी?”

“नको बाबा, नोकरी माझी आहे. आई असती तर काय बोलायचं ते तिनं बरोबर सांगितलं असतं.”

“मग मलाच मालकीण समज आणि बोल.”

“बाई, तो केक माझ्या हातून पडला नाही. माझं चुकलं तर जरूर रागवा, पण आत बोलावून रागवा... बाबा, ऐकताय ना?”

“परत बोल.”

“का, काही चुकलं?”

“नाही गं. आवाज अगदी तिचा आहे. परत एकदा बोल.”