जिवंत गाळ

(सांडपाणी केंद्रावरची पत्र्याची खोली. दुपार. बहीण टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन उजेडात धरून बघते आहे. भाऊ दारात उभा. बाहेर त्याच्या टेम्पोत चार रिकामी पिंपं.)

भाऊ : अगं, चारच पिंपं मागतोय. एवढी मोठी टाकी तुझी.

बहीण : टाकी गावाची आहे. आणि नाकाला रुमाल कशाला लावतोस? यात तुझ्याही घरचं आहे.

भाऊ : सोमवारी तपासणीवाले येतायत. डेअरीमागे नवी टाकी बांधली, पंप बसवला, सगळं केलं. पाणी मात्र बाहेर येतंय ते घाणच्या घाण.

बहीण : विरजणाशिवाय दही लागतं का कधी? घाण खाणारे जंतू हवेत टाकीत. शेण कालवून घाल, महिना-दीड महिन्यात होतील तयार.

भाऊ : एवढा वेळ कुठला? सोमवारी पाणी नापास झालं की डेअरीला टाळं. म्हणून तर तुझ्या टाकीतला जिवंत गाळ मागायला आलोय. दुसरीकडे विचारून बघितलं, कुणी देईना.

बहीण : अडला हरी.

भाऊ : टोमणे मारू नकोस, ताई.

बहीण : पुढचं कुठे म्हटलं? म्हटलं तर गाढव मीच ठरते.

भाऊ : हसून घे. पण दे.

बहीण : माझ्या टाकीतलेही जंतू एकदा मेले होते. सगळेच्या सगळे.

भाऊ : ते आता कशाला उकरून काढतेस?

बहीण : घाण तशीच ओढ्यात गेली. निम्मं गाव जुलाबाने आडवं झालं. सभा भरली, आणि तू उठलास. काय म्हणालास?

भाऊ : काहीतरी बोलावंच लागलं.

बहीण : काय म्हणालास?

भाऊ : म्हणालो, ताईचं लक्ष नसतं. पंप बंद ठेवते आणि झोपते.

बहीण : सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार. काढलं मला. लोकांनी दारावर चिखल फेकला. पुढे या घाणीत हात घालायला कुणी मिळेना, तेव्हा बोलावलं परत. चुकलं आमचं, असं एकजण म्हणाला नाही.

भाऊ : डेअरीत वीस माणसं आहेत माझ्याकडे. खरं सांगितलं असतं तर त्यांच्या पोटावर पाय आला असता.

बहीण : त्यांचं नाव पुढे करू नकोस. जुलाबात तीही होती. आणि काय रे ते खरं?

भाऊ : तुला माहीत आहे.

बहीण : तुझ्या तोंडून ऐकू दे.

भाऊ : सांगितलं तर पिंपं भरशील?

बहीण : आधी सांग.

भाऊ : दुधाच्या टाक्या धुवायचा कॉस्टिक सोडा होता. त्याचे ड्रम गटारात सांडले.

बहीण : सांडले?

भाऊ : ओतले. जुना माल होता, लांब नेऊन टाकायचा कंटाळा केला. मीच ओतले. सभेत उभा राहिलो तेव्हाही ठाऊक होतं मला. झालं समाधान? तपासणी होऊन जाऊ दे, गावासमोरही सांगतो.

बहीण : आणि आईला?

भाऊ : आई आता कुठे आहे, ताई?

बहीण : नाहीच ना. त्या सभेनंतर माझ्या घरचं पाणी तिने तोंडाला लावलं नाही. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मी केलं, पण पाण्याचा पेला तुझ्या बायकोच्या हातूनच घ्यायची. तू उशाशी बसलेला असायचास. मी बघत राहायची, आज तरी बोलेल म्हणून.

भाऊ : धीर झाला नाही गं. रोज ठरवायचो. पाया पडतो तुझ्या, माझा संसार उघड्यावर येईल.

बहीण : येऊ दे. खोटं कशाला बोलू, बरं वाटेल मला. सोमवारी टाळं लावतील तेव्हा मी मुद्दाम येणार आहे बघायला.

भाऊ : द्यायचंच नव्हतं, तर एवढं सगळं वदवून कशाला घेतलंस?

बहीण : आईने ऐकायला हवं होतं. ती नाही, म्हणून मी ऐकून घेतलं.