सत्तेचाळीस नंबरची हरकत

मग माणसानं पलीकडे जायचं कुठून? एवढंच विचारलं होतं हो मी. साधा प्रश्न. पहिल्या सभेत विचारला, दुसऱ्या सभेत विचारला, आणि तुम्हाला सांगतो, आजतागायत एकानं उत्तर दिलेलं नाही. वेगाचं सांगतात, लांबीचं सांगतात, बावीस मिनिटं वाचणार म्हणून पडद्यावर सिनेमा दाखवतात, त्यात एक पांढरी गाडी गाण्याच्या तालावर जाते, जाते आणि जातच राहते... अहो, ती जाऊ द्या. मी पायी आहे! आमचं घर अलीकडे, वहिनीची इस्त्रीची लॉन्ड्री पलीकडे, पुतणीची शाळा पलीकडे, आणि मधून ह्यांचा टोलचा रस्ता, आठ पदरी, दोन्ही बाजूंना कुंपण. घरापासून शाळा सहा मिनिटांवर होती. आता पुलाला वळसा घालून पाऊण तास. म्हणजे गाडीवाल्यांची ती बावीस मिनिटं कुठून येणार, कळलं का तुम्हाला? आमच्याकडून!

त्या सभेत काचेच्या पेटीत अख्खा रस्ता मांडला होता. स्पंजची झाडं, नखाएवढ्या गाड्या, बटण दाबलं की दिवेसुद्धा लागायचे. सगळं होतं, माणूस तेवढा एक नव्हता. मी आमचं घर शोधलं तर तिथे हिरवा स्पंज. साहेबांना म्हटलं, इथे आम्ही राहतो. ते म्हणाले, हे प्रतीकात्मक आहे. आता मी चौथीत शाळा सोडलेली, प्रतीकात्मक म्हणजे काय मला काय ठाऊक, पण त्यांच्या तोंडावरून कळलं की आम्ही त्यात नाही. माझं डोकं फिरलं. काच फोडणारच होतो, तेवढ्यात दादानं दंडाला धरून बाहेर काढलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. रंगारी. सहा फूट एक इंच. छत रंगवायला नुसता स्टुलावर उभा राहायचा, म्हणून लोक त्यालाच शिडी म्हणायचे. मी त्याच्या हाताखाली, पाच फूट दोन इंच, भिंतीच्या खालच्या पट्ट्या रंगवायला. आईबाप तेच, पण उंची वाटताना मी कुठेतरी खेळायला गेलो असणार. मी तोंडानं भांडायचो आणि दादा कागदानं. म्हणायचा, ‘ओरडल्याची पोच मिळत नाही, गाढवा. कागदाची मिळते.’ त्यानं रीतसर हरकत घातली, घराजवळून पायी जायला भुयारी वाट द्या म्हणून. नंबर सत्तेचाळीस. सहा महिन्यांनी उत्तर आलं, आणि काय उत्तर! तुमच्या घरामागे रस्त्याच्या भरावाखालून नाल्याचं पाणी जायला काँक्रीटची मोरी बांधली आहे, माणसं त्यातून जाऊ शकतात. नाल्यातून! म्हणजे गाड्या वरून आणि वहिनी नाल्यातून!

दादा चिडला नाही. पँट दुमडली, मोरीत शिरला, पलीकडे गेला, परत आला, कपाळ चोळत बसला आणि पुन्हा अर्ज लिहिला. ‘मोरीतून चालून पाहिले. वर माझे डोके लागते, खाली मुलीच्या गुडघ्याला पाणी लागते.’ त्यावर कार्यालयानं कळवलं की पाण्याची अडचण हंगामी आहे, सबब विचारात घेता येत नाही, मात्र डोकं लागत असल्यास स्थळपाहणी करू. डोकं बारमाही ना!

आणि मग दादाला ताप आला आणि नवव्या दिवशी दादा गेला. हे मी असं भरकन सांगतो, कारण सावकाश सांगायला गेलो की पुढचं राहून जातं.

पाच आठवड्यांनी नोटीस. दादाच्या नावानं. सुनावणीला समक्ष हजर राहावे. आमच्या घरात आता सरकारी कागद धड वाचणारी एकच, पुतणी, नऊ वर्षांची. तिनं पुढची बाजू वाचली, मागची वाचली. मागे बारीक अक्षरात होतं, नवीन हरकतींची मुदत संपली आहे, आणि अर्जदार मयत असल्यास हरकत आपोआप निकाली निघेल. ती अडखळली.

‘काका, मयत म्हणजे?’

मी म्हटलं, ‘म्हणजे उशिरा येणारा.’

तिनं मान डोलावली आणि मला वेळेवर निघायला बजावलं. वहिनीनं दादाचा शर्ट इस्त्री करून दिला, मला मांडीपर्यंत यायचा तो. म्हणाली, भाऊजी, डोकं शांत ठेवा, नम्रपणे सांगा की ते नाहीत, माझ्या नावावर करून घ्या म्हणावं. मी हो म्हटलं. नम्रपणे सांगायचं पाठही केलं होतं हो वाटेत!

सुनावणीच्या खोलीत पंखा एक आणि तो साहेबांकडे. शिपायानं पुकारा केला, ‘हरकत क्रमांक सत्तेचाळीस!’ आणि दादाचं नाव घेतलं. पाच आठवडे घरात कुणी ते नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं. साहेबांनी पेन उचललं आणि विचारलं, ‘गैरहजर का?’

तुम्हाला सांगतो, माझं तोंड माझ्या ताब्यात कधीच नव्हतं. ते म्हणालं, ‘हजर.’

साहेबांनी कागद पाहिला, मला पाहिलं. ‘वय एकेचाळीस?’

मी तेवीस. म्हटलं, आमच्या घराण्यात चेहरा उशिरा पिकतो. साहेबांनी शर्टाच्या लोंबणाऱ्या बाह्यांकडे पाहिलं, बाहेरच्या रांगेकडे पाहिलं, आणि रांग लांब होती म्हणून मी एकेचाळीसचा झालो. सहीला कागद पुढे केला. दादाचं नाव मी जन्मात लिहिलं नव्हतं, पहिल्याच अक्षरावर पेन अडलं. ‘घाबरू नका,’ साहेब म्हणाले. भला माणूस. मी म्हटलं, घाबरत नाही, पण साहेब, माणसानं पलीकडे जायचं कुठून? ते म्हणाले, सोमवारी स्थळपाहणी, आणि पुढचा नंबर पुकारला.

सोमवारी इंजिनियर आला. माझ्याच वयाचा, नवे कोरे बूट, हातात मोजपट्टी. मोरी मोजली, साडेपाच फूट. मग म्हणाला, अर्जदारानं ताठ चालून दाखवायचं. डोकं न लागता पलीकडे गेलात, तर मोरी पुरेशी आहे असं लिहून प्रकरण बंद. मी तोंडाशी उभा राहिलो आणि तेव्हा कुठे माझ्या अकलेत प्रकाश पडला. डोकं दादाचं लागत होतं! माझ्या डोक्यावर चार इंच हवा! आयुष्यभर बुटका म्हणून हसले लोक, आणि आता तेच चार इंच वहिनीला नाल्यात घालणार.

तो अर्जाकडे बघतोय, छताकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय.

‘इथे लिहिलंय डोकं लागतं.’

‘लागतं.’

‘कसं?’

‘चालताना मी उसळतो,’ म्हटलं. ‘सवय आहे.’

आणि निघालो. पाणी घोट्यापर्यंत. पहिलं पाऊल टाचा उचलून, दुसरं टाचा उचलून... आणि काय सांगू, तेवढ्या उंचीवरून मोरीचं पलीकडचं तोंड स्वच्छ दिसलं, कठडा दिसला, शाळेची निळी भिंत दिसली, जिच्या फक्त खालच्या पट्ट्या मला ठाऊक होत्या. दादाला रोज एवढं दिसायचं! तिसऱ्या पावलाला उसळलो. असं आपटलं म्हणून सांगू, कपाळाच्या वर, काँक्रीटवर, डोळ्यांपुढे काजवे.

इंजिनियर धावला. रक्त पाहिलं, मग माझ्या टाचांकडे पाहिलं. वहीत लिहिलं आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं, ‘अर्जदाराचे डोके लागते. वेगळी वाट देण्याची शिफारस.’ मला हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकाच नाकातून. मग त्यानं मोबाइलवर काढलेला फोटो पाहिला आणि ओशाळून म्हणाला, पुराव्याला फोटो जोडावा लागतो, आणि हा हलला. पुन्हा एकदा कराल का... जरा सावकाश?

डोकं सावकाश कसं आपटतात हो?

रक्त पुसू का विचारलं, तर म्हणाला, असू दे, फोटोत दिसेल. मग काय करता... गेलो मागे, शर्ट नीट खोचला, टाचा उचलल्या आणि पुन्हा आपटलं.