कंपासमधल्या गोळ्या

(गारखेड्यातला दवाखाना. दहावीतली बानू, तिची आई सुगंधाबाई आणि डॉक्टरबाई.)

डॉक्टर : ...आणि हे जांभळे ठिपके कधीपासून?

आई : आठ दिस झाले. मला वाटलं, देवी आली. आमच्या करमाडला देवी आली की फोडणी बंद, औषध बंद. हिच्या थायरॉईडच्या गोळ्याबी बंद केल्या.

बानू : मॅडम, देवी काय नुसती पायावर बसती? मला कडुलिंबाच्या पाल्यावर झोपवलं! वर्गात पोरी नाक दाबायल्या.

आई : तोंड आवर गं.

डॉक्टर : गुडघे दुखतात?

बानू : जरासे. पण शनिवारी खो-खोची फायनल आहे, मी कॅप्टन! गेल्या साली हातात खडू टिकत नव्हता, इतका थरथरायचा. छाती नुसती धडधड. या गोळ्यांनीच मला माणसात आणलं.

डॉक्टर : गोळ्या आठ दिवस बंद, तरी ठिपके वाढतायत. बानू, खरं सांग.

आई : बोल की आता.

बानू : घेत होते. कंपासमध्ये लपवून. मधल्या सुट्टीत.

आई : माझ्या चोरून?

डॉक्टर : रागावू नका. क्वचित एखाद्या मुलाच्या रक्तवाहिन्यांना हीच गोळी सूज आणते. आजपासून ही बंद.

आई : म्हंजी मी केलं ते बरूबरच व्हतं?

डॉक्टर : योगायोगानं. पण मला न विचारता थांबवायची नव्हती, आणि ठिपके दिसले त्याच दिवशी हिला आणायचं होतं. ही सूज किडनीत जाऊ शकते. बानू, लघवी लाल होते?

बानू : परवापासून. काळ्या चहासारखी. मी म्हटलं, बीट खाल्लं असंल.

आई : आपल्या घरात बीट कधी आणलंय गं, पोरी?

डॉक्टर : आजच रक्त-लघवी तपासू. वेळेत कळलं तर बहुतेक वेळा आटोक्यात येतं. थायरॉईडलाही दुसरे उपाय आहेत. शनिवारी मात्र खेळायचं नाही.

बानू : आणि हात परत थरथरला तर? सगळ्यांसमोर?

आई : थरथरू दे. मी धरते. आण ती कंपास इकडं.

बानू : घे. तीनच उरल्यात.

आई : अन् हे गं काय? कडुलिंबाचा पाला?

बानू : तूच उशाशी ठेवला होतास ना. टाकवंना मला.