सुंभावरच्या मुंग्या

नाही, तिकडे नको, या खुर्चीत बसा. त्या दोन आंब्याच्या कलमांमध्ये सुंभ बांधलाय ना, त्याला धक्का लागेल – लाल मुंग्या आहेत, चावल्या तर तुमचं शूटिंग राहील बाजूला. पाणी घ्या. केळशीपर्यंत आलात, पाणी नको म्हणू नका – पाण्यापर्यंत नाही गेला माझा राग.

तर योगिनीचं नाव हवंय. तुमच्या संस्थेच्या नव्या निधीला. निसर्गाकडून शिकणारे संगणक, धाडसी संशोधनाला बीजनिधी – छान बोलता हो. माझी मुलगी निधी मागायला तुमच्यासमोर उभी होती तेव्हा हे शब्द कुठे होते? तुम्हीच होतात समितीत – हो, तुम्हीच, घरी येऊन तिने नक्कल केली होती तुमची, चष्मा कपाळावर सरकवून. आता सरकवलात ना, तस्साच. "मुंग्यांना विचारून कॉम्प्युटर चालवणार का, मॅडम?" – आणि सगळे हसले. तीही हसली म्हणे. परक्यांसमोर रडणारी नव्हती ती.

निसर्ग वादळात इथले टॉवर आडवे झाले. आम्ही जिवंत आहोत हे बोटीवर असलेल्या तिच्या बाबांना किती दिवस कळलं नाही. आणि या मुंग्या – अर्धी बाग झोपली, तरी पडलेल्या फांदीवरून त्यांची नवी वाट सुरू. कुणी हुकूम दिला नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. ती म्हणाली, आई, टॉवर नसताना फोनांनी अशीच वाट काढली तर? मला काय कळतंय त्यातलं, मी जन्मभर मराठी शिकवलं – पण मला हसू नाही आलं.

तुम्ही नाही म्हणालात, मग ती खेडला क्लासमध्ये शिकवायला जायला लागली. स्कूटीवरून. नाही, अपघाताचा दोष तुम्हाला देत नाही. ट्रक तुमचा नव्हता. एवढं कळतं मला.

काय? बुंध्याशी काय पडलंय? बांगड्याचं डोकं. ती दुपारी फोन करून विचारायची, आई, मुंग्यांना टाकलंस का – अजून टाकते. सवय, दुसरं काय. गुरुप्रसाद आमची बाग करायला घेतो, त्याला फवारायला बाकीची झाडं दिली, ही दोन नाही दिली. सुंभ कुजला की नवा बांधते, ती बांधायची तिथेच. पोळ्या करायच्या आधी येऊन बघते, चालल्यात ना – हे कशाला सांगतेय तुम्हाला. ते रेकॉर्डिंग बंद करा.

नाव मिळणार नाही. दुसरी कुणी मुलगी येईल तुमच्यासमोर, काहीतरी वेडंवाकडं घेऊन. तिला द्या, ती आहे तोवर. आणि हसू नका.

उठलात? बरं. – अहो, हात काढा सुंभावरून. थांबल्यात सगळ्या. काढा म्हणते ना.

हं. आता जा. इथून नाही, त्या दगडी गडग्याच्या कडेने जा.